ऑपरेशन कुठलंय? भांडुपच्या एका घराची थेरपी आणि विम्याचं राजकारण

घर भांडुप पश्चिमेचं. केशरी रेशन कार्ड, वडील एका मॉलला सिक्युरिटी सुपरवायझर, आई घरी ब्लाउज शिवायची ते मुलामुळे बंद पडलं, सोबत सासूबाई, आणि सहा वर्षांचा मुलगा ज्याला ऑटिझम आहे. खोटी नावं घालण्यापेक्षा नावंच टाकत नाही. मी अशा मुलांच्या पालकांच्या ग्रुपमध्ये फॉर्म भरायला, पत्रं टाईप करायला मदत करतो त्यामुळे हे प्रकरण कागदपत्रांसकट माझ्यासमोरून गेलंय. सरकारी आरोग्य विम्यावरून आपल्याकडे भांडणं काही कमी होत नाहीत, विधानसभेत होतात, बॅनरवर होतात, चॅनलवर होतात, पण ज्या घराला थेरपीचे पैसे हवेत ते घर त्या भांडणात कुठे बसतच नाही, आणि का बसत नाही ते या एका केसमध्ये बऱ्यापैकी उघडं पडतं.

आधी खर्च. डॉक्टरांनी लिहून दिलं, आठवड्याला दोन ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या हालचाली, कामं शिकवणारी) आणि दोन स्पीच थेरपी (बोलायला शिकवणारी). जवळच्या प्रायव्हेट सेंटरला एका सेशनचे ७०० रुपये, म्हणजे आठवड्याचे २,८०० आणि महिन्याचे बारा हजारांच्या घरात. वडिलांचा पगार तेव्हा साडेवीस हजार. बाकी हिशोब तुम्हीच करा, घरभाडं धरून.

आता पगाराचाच विषय निघालाय तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. वडिलांच्या पगारातून पाऊण टक्का कापला जायचा, मालक सव्वातीन टक्के भरायचा, आणि त्यात अख्ख्या कुटुंबाला ओपीडी मिळायची. लोक ईएसआयसीला नावं ठेवतात पण सरकारी विम्यांमध्ये ॲडमिट न होता उपचार मिळायची सोय सामान्य कामगाराला तिथेच आहे हे विसरतात. यांचं काम सुरू पण झालं होतं, थेरपीसाठी रेफरन्स मिळेल असं कळलं होतं, आणि मध्येच मॉलचा कंत्राटदार बदलला. नव्या कंत्राटात पगार झाला २१,६००. ईएसआयसीची मर्यादा २१ हजार, २०१७ पासून तीच, युनियनवाले वाढवा वाढवा म्हणून ओरडतायत पण ती जागची हललेली नाही. काही महिने कव्हर चाललं, मग बंद. अकराशे रुपये पगार वाढला आणि ओपीडी गेली. वडील म्हणाले, "दादा, मी कंत्राटदाराला सांगू का सहाशे कमी दे म्हणून?" मस्करीत नव्हते म्हणाले.

मग राज्याची योजना. महात्मा फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ ला ही सुरू झाली तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी, आठ जिल्ह्यांत, त्यात मुंबई होती, पुढच्या वर्षी सगळ्या महाराष्ट्रात. २०१७ मध्ये नाव बदललं. २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली आणि पुढे दोन्ही एकत्र चालवायला लागले. कव्हर आधी दीड लाख होतं, मग २०२३ मध्ये पाच लाखांचा निर्णय झाला, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेतलं, उपचारांची यादी १,३५६ वर गेली, आणि २०२५ मध्ये ती २,३९९ करायचं ठरलं. हे सगळं चांगलंच आहे, मी उगाच नाकं मुरडत नाही, आमच्याच गल्लीत दोन जणांची अँजिओप्लास्टी या योजनेत झालीय एक रुपया न देता. पण या मुलाच्या बाबतीत दीड लाखाचे पाच लाख झाले काय आणि पन्नास लाख झाले काय, मिळणार शून्यच, कारण योजनेचं दार ॲडमिशनचं आहे.

हॉस्पिटलमध्ये योजनेचा आरोग्यमित्र बसतो तिथे मी आईबरोबर गेलो होतो. पोरगा चांगला होता, घाईत नव्हता.

"ताई, पेशंट ॲडमिट आहे का?"

"नाही हो, थेरपी चालू करायचीये."

"मग प्री-ऑथ कसलं टाकू मी?"

प्री-ऑथ म्हणजे उपचाराआधी मागायची मंजुरी. त्याने स्क्रीन वळवून दाखवली. स्पेशालिटी निवडा, प्रोसिजर निवडा, ॲडमिशनची तारीख टाका, तारखेशिवाय पुढे सरकतच नाही. न्यूरोमध्ये शोधलं, लहान मुलांच्यात शोधलं, मानसिक आजारात केंद्राच्या योजनेची काही पॅकेजेस आहेत पण ती पण ॲडमिट केलं तरची. आई म्हणाली, "एक दिवस ॲडमिट केलं तर?" तो बिचारा हसला, म्हणाला, "ताई, ॲडमिट करून बोलायला शिकवणार का त्याला?" यात त्याची काहीच चूक नाही, त्याला सिस्टीमने जेवढे रकाने दिलेत तेवढेच तो भरणार.

पुढचा टप्पा राजकारणाचा. २०२२ च्या मार्चपासून महापालिकेत प्रशासक होता, त्यामुळे नगरसेवक म्हणजे माजी नगरसेवक, ऑफिस उघडं, फॅन चालू, सहीला पॉवर नाही. म्हणून आम्ही थेट आमदारांच्या ऑफिसला गेलो. आमदार कुठल्या पक्षाचे ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही, आणि खरं सांगायचं तर या ऑफिसने लोकांची कामं केलेली आहेत, रात्री दोनला फोन केला तर बेड मिळवून देणारी माणसं आहेत ती. पीएने कागद घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ऑपरेशन कुठलंय?"

"ऑपरेशन नाही साहेब, थेरपी."

"हां, पण खर्च कशाचा? हॉस्पिटलचं कोटेशन आणा, आपण मुख्यमंत्री सहायता निधीला टाकू."

कोटेशन कोणाचं आणायचं? सेंटर म्हणजे पहिल्या मजल्यावरचा टू बीएचके, त्यात तीन खोल्या, एक झोका, एक बॉल पूल. आणि खर्च एकदाचा नाही, वर्षानुवर्षं दर महिन्याला आहे. त्यांच्या छापील फॉर्ममध्ये रकाना होता, शस्त्रक्रियेची तारीख. आईने तिथे रेघ मारली. पीएने ती रेघ बघितली आणि म्हणाला, "असं रिकामं ठेवलं तर वर परत येतं हो वहिनी."

मला इथे एक गोष्ट नीट सांगायचीये कारण लोक लगेच म्हणतात नेत्यांना काही पडलेलीच नाही. तसं नाहीये. ऑपरेशनला तारीख असते, बिल असतं, बरा झालेला पेशंट असतो, तो पेढे घेऊन ऑफिसला येतो, फोटो निघतो, वाढदिवसाच्या बॅनरवर आकडा छापता येतो की इतक्या रुग्णांना मदत. थेरपीचं काय दाखवणार? आठ महिन्यांनी पोरगं चमचा स्वतः धरायला लागलं, हात धरून ओढण्याऐवजी बोट दाखवायला लागलं. घरच्यांसाठी दिवाळी आहे ती, पण बॅनरवर काय लिहिणार. म्हणून थेरपीला कोणी वाली नाही.

याचा पुरावा त्याच वर्षी शिबिरांच्या मोसमात मिळाला. २०२४, विधानसभा तोंडावर, आयुष्मान कार्डांची शिबिरं जिकडेतिकडे. आमच्या नाक्यावर एकाच रविवारी दोन पक्षांच्या शाखांनी रस्त्याच्या दोन बाजूंना मंडप टाकले. एका माईकवर, पाच लाख आम्ही केले. दुसऱ्या माईकवर, मुळात योजना आणली कोणी. आईने आधी इकडे कार्ड काढलं, मग सासूबाईंच्या आग्रहाने तिकडे पण गेली, तिकडच्या पोराने नंबर टाकला आणि म्हणाला काकू कार्ड तर निघालेलं आहे, पण फोटोसाठी थांबा. थांबली. मुलाने दोन्ही कानांवर हात दाबून धरलेले, कारण दोन्ही लाऊडस्पीकर एकदम चालू, आणि फोटोग्राफर म्हणतोय बाळा हात खाली घे. त्या फोटोत आईच्या हातात लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. ज्या कारणासाठी तिला विमा हवा ते कारण त्या कार्डात नाही, हे दोन्ही मंडपांत एकाही माणसाला माहीत नव्हतं, आणि मी सांगायला गेलो तर मला म्हणाले दादा नंतर बोलू, गर्दी आहे.

श्रेय कोणाचं, फोटो कोणाचा, नाव कोणाचं, लिमिट किती, हॉस्पिटलांची बिलं किती थकली, भांडण एवढ्यावर. लिमिट वाढवणं सोपं आहे कारण फार थोड्या कुटुंबांचं बिल त्या लिमिटला जाऊन टेकतं. ओपीडी आत घेणं मात्र खरंच महाग आहे, आणि त्यावर कोणी भांडत नाही.

विमावाल्यांची बाजू पण ऐकली मी, एक ओळखीचे गृहस्थ क्लेम प्रोसेसिंगमध्ये होते त्यांच्याकडून. त्यांचं म्हणणं, बेड हा पुरावा असतो. माणूस ॲडमिट झाला, केसपेपर आहे, ॲडमिशन-डिस्चार्ज आहे, ऑडिट करता येतं. ७०० रुपयांचं सेशन झालं की नाही झालं कोण बघणार, आणि असे लाखो क्लेम आले तर तपासायचाच खर्च क्लेमपेक्षा जास्त. हे उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकेत मेडिकेड नावाची त्यांची गरिबांची सरकारी योजना ऑटिझमच्या थेरपीला पैसे देते, तिथे इंडियाना राज्याचं केंद्राने ऑडिट केलं तर २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत किमान ५.६ कोटी डॉलर चुकीचे दिले गेल्याचं निघालं. नंतर काही राज्यांनी दर कापले, पालकांनी विरोध केला. ऑस्ट्रेलियात पण सौम्य ते मध्यम ऑटिझमच्या लहान मुलांना मोठ्या राष्ट्रीय योजनेतून काढून वेगळ्या योजनेत टाकायचं २०२५ मध्ये जाहीर झालं आणि पैसे केंद्राने द्यायचे की राज्यांनी यावर जुंपली. म्हणजे थेरपी आत घेतली की प्रश्न संपतात असं अजिबात नाही. पण तिथे दर किती यावर भांडण आहे, आपल्याकडे रकानाच नाही, हा फरक छोटा नाही.

आमच्या ग्रुपवर दर काही दिवसांनी कोणीतरी कायदा टाकतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम २१, विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. छान आहे. पण शारीरिक आजारालाच जिथे ओपीडी नाही तिथे समान वागणूक म्हणजे दोघांनाही नाही. शिवाय ऑटिझम तिथे मोडतो का यावरच वाद घालत बसायचं. त्यापेक्षा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा जवळचा, २१ दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझम आहे, आणि सामाजिक सुरक्षेच्या कलमात सरकारने दिव्यांगांसाठी सर्वंकष विमा योजना करावी असं चक्क लिहिलंय. फक्त त्याच कलमाच्या सुरुवातीला आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत हे शब्द आहेत, आणि सगळी सरकारं त्या शब्दांच्या आडोशाला उभी आहेत.

आता या केसमधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो आईनेच शोधला, आम्ही नाही. ती मुलाला घेऊन श्रवण तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग इन्स्टिट्यूटला गेली होती (बोलत नाही म्हटल्यावर आधी कान तपासतात, कान उत्तम निघाले). तिथे बाकावर शेजारी दुसरी आई. तिच्या मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं मशीन) झालेलं, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून, ज्यात मशीन, ऑपरेशन, मॅपिंग म्हणजे मशीन मुलाला जुळवून देणं आणि नंतरची स्पीच थेरपी सगळं धरून एका मुलामागे लाखांत पैसे मिळतात, आणि त्याची नोडल संस्था हीच. दोघी मुलं घेऊन तासभर बोलल्या. संध्याकाळी आईचा मला व्हॉइस मेसेज, "दादा, सरकार स्पीच थेरपीला पैसे देतं की. फक्त आधी ऑपरेशन पाहिजे."

मी तो मेसेज ग्रुपवर टाकला आणि तिथून आमची भाषा बदलली. तोवर आम्ही थेरपीचा समावेश करा, ऑटिझमला न्याय द्या असली पत्रं लिहायचो, जी कुठल्याही फायलीत सुखाने झोपतात. मग कोणीतरी राज्याच्या योजनेचा जुना तपशील काढला. पहिल्या ९७१ उपचारांच्या यादीतच १२१ फॉलोअप पॅकेजेस होती, म्हणजे ऑपरेशन झाल्यावर पेशंट घरी गेला तरी पुढच्या तपासण्या-औषधांचे पैसे योजना देत होती. बेडशिवाय उपचार तपासता येत नाहीत हे म्हणणं तिथेच अर्धं पडतं. सरकार बेडबाहेरचे पैसे पहिल्यापासून देतंय, फक्त बेडशी नातं दाखवावं लागतं.

यावर ग्रुपमध्ये दोन तट पडले आणि वाद चांगलाच पेटला, एक दोघांनी ग्रुप सोडला पण. एका गटाचं म्हणणं, पॅकेज मागायचं, तीन महिन्यांचं एक, ठरावीक सेशन्स, रजिस्टर्ड थेरपिस्ट, कॅशलेस. दुसऱ्या गटाचं, त्यात बरेचसे डोंबिवली-कल्याणकडचे पालक आणि एक निवृत्त नर्स मावशी, की विम्याचे पैसे शेवटी प्रायव्हेट सेंटरकडे जाणार, दर दुप्पट होणार, त्यापेक्षा पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये थेरपिस्टच्या पोस्ट भरा. मावशींचा मुद्दा असा की आपल्या केईएममध्ये १९५० साली देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा निघाली, कमला निंबकरांनी काढली, एवढी वर्षं या शहरात हे शिक्षण चालू आहे आणि पूर्व उपनगरातल्या आईने पोराला घेऊन दादरला गाडी बदलायची?

मला स्वतःला मावशींचं पटतं, पण पूर्ण नाही. पोस्ट मंजूर होणं, भरती होणं, कोर्टात अडकणं, तोवर मुलगा पंधरा वर्षांचा होईल, आणि या मुलांचं वय थांबत नाही. पॅकेज त्या मानाने एका जीआरने होऊ शकतं. दुसरीकडे, नुसतं पॅकेज झालं आणि भांडुपमध्ये योजनेत नोंदलेलं सेंटरच नसलं तर कार्ड पुन्हा लॅमिनेट करूनच ठेवायचं.

या घराने प्रत्यक्षात काय केलं ते सांगतो. मध्य मुंबईतल्या पालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नंबर लागला, फुकटातच म्हणायचं, पण पंधरा दिवसांतून एकदा. सकाळी भांडुपहून स्लो, दादरला पूल चढून वेस्टर्न, मुलाला गर्दीचा त्रास म्हणून दिव्यांग डब्यातून, आणि तिथे चढल्यावर कोणीतरी विचारणारच, याला काय झालंय, धडधाकट तर दिसतोय. आई पर्समध्ये यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची, झेरॉक्स वर ठेवते, काढते, दाखवते, परत ठेवते. एका सेशनसाठी अख्खा दिवस. थेरपिस्ट उत्तम, घरी काय करायचं ते वहीत चित्र काढून देतात, आणि खरं तर सुधारणा झाली ती बरीचशी त्या वहीमुळे.

दुसरं म्हणजे निरामय. नॅशनल ट्रस्टची विमा योजना, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल टेस्ट नाही, नोंदणीची फी काही शे रुपये, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपी त्यात अधिकृतपणे आहे. म्हणजे सरकारला थेरपीचा विमा काढता येत नाही असं नाहीच, काढलेला आहे, १९९९ च्या कायद्याने आलेल्या संस्थेने काढलेला आहे, आणि शिबिराच्या दोन्ही मंडपांत त्याचा एक कागद नव्हता. पण पैसे आधी खिशातून भरायचे, मग बिलं पाठवायची, आणि लाखाच्या आत थेरपीसाठी वेगळी छोटी मर्यादा आहे. बारा हजार महिन्याच्या हिशोबाने ती दुसरा महिना संपायच्या आत संपते. यांनी म्हणून आठवड्याला चारच्या जागी एकच प्रायव्हेट सेशन ठेवलं, स्पीचचं, आणि ऑक्युपेशनल थेरपी पालिकेच्या भरवशावर. डॉक्टरांनी लिहून दिलेल्याच्या हे खूप खाली आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

पहिला क्लेम परत आला, बिलावर थेरपिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर नव्हता म्हणून. सेंटरने शिक्का बनवून घेतला, दुसऱ्यांदा मंजूर झाला, थोडी रक्कम कापून. कशाची कापली ते पत्रात होतं पण वाचता येईल असं नव्हतं.

आमदारांच्या ऑफिसला आम्ही परत गेलो, यावेळी मागणी एका पानाची. जन आरोग्य योजनेच्या फॉलोअप पॅकेजच्या धर्तीवर १८ वर्षांखालच्या, यूडीआयडी असलेल्या मुलांना थेरपीचं पॅकेज, ऑपरेशनची अट न ठेवता, पहिल्या टप्प्यात फक्त सरकारी आणि पालिका हॉस्पिटलांमध्ये, म्हणजे पैसे हॉस्पिटलला मिळतील आणि त्यातून कंत्राटी का होईना थेरपिस्ट घेता येतील. ही शेवटची ओळ मावशींची, दोन्ही तटांना जोडणारी. पीएने वाचलं, यावेळी ऑपरेशन विचारलं नाही. म्हणाला अधिवेशनात प्रश्न टाकायचा तर आकडा पाहिजे, मतदारसंघात अशी मुलं किती. आकडा आमच्याकडे नव्हता, कोणाकडेच एका जागी नसतो, शाळांकडे वेगळा, पालिकेकडे वेगळा. आता आई आणि अजून तीन जणी बिल्डिंग-बिल्डिंग, चाळ-चाळ फिरून यादी करतायत, संमतीची सही घेऊन. सोनापूरच्या बाजूचं झालंय, टेंभीपाडा चालू आहे.